शेवटचं किती?

वाक्य साधंच होतं. साताऱ्याच्या मंडईत मी ते रोज चारदा म्हणते, कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा म्हणते. त्या दिवशी फक्त ते इंग्रजीत म्हटलं, आणि सातासमुद्रापार कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या डंकन नावाच्या गावात, शनिवारच्या बाजारात म्हटलं. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. नातू दीड महिन्याचा झाला होता आणि घरात बसून बसून आम्ही तिघंही आंबलो होतो, म्हणून व्हिक्टोरियाहून तासाभराचा घाट ओलांडून डंकनला आलो. ऑक्टोबर संपत आलेला. पाऊस धड पडत नव्हता आणि धड थांबतही नव्हता. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, समोर टेबलावर दोन स्वेटर, पाच-सहा टोप्या आणि एक चहाचा थर्मास. त्यातला एक स्वेटर मी उचलला तर मनगटच खाली गेलं, इतका जड. पांढरा, राखाडी आणि काळपट तपकिरी, एवढेच रंग. पाठीवर पंख पसरलेला मोठा पक्षी. ह्यांना सकाळी फिरायला जाताना छान होईल असं मनात आलं. किंमत विचारली. ४५० डॉलर. मी मनातल्या मनात साठानं गुणलं, आणि आकडा सत्तावीस हजारांवर जाऊन थांबायच्या आत तोंडातून निघून गेलं, "शेवटचं किती द्यायचं?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी माझ्या हातातला स्वेटर घेतला, पालथा केला, आतली बाजू वर करून टेबलावर नीट पसरला आणि मांडीवरचं अर्धवट विणकाम पुन्हा हातात घेतलं. तोंडातून शब्द नाही. मला काही कळेना. मागून लेक हळूच म्हणाली, "आई, चल."

गाडीत बराच वेळ वायपरचाच आवाज होता.

रात्री नातवाला मांडीवर घेऊन बसले की मला तो उलटा पसरलेला स्वेटर दिसायचा. बाईंना काय दाखवायचं होतं ते लक्षात यायला तीन रात्री लागल्या, आणि तेही आईमुळे. माझी आई विणायची. त्या काळी साताऱ्यात थंडीच्या आधी घरोघरी लोकर निघायची. लडी माझ्या दोन्ही हातांवर ताणून बसवायची आणि तिचा गुंडा करायची. हात जरा खाली आला की गुडघ्यावर चापट. एक सुलट, एक उलट, वीतभर बॉर्डर झाली की मग डिझाइन. दोन रंगांचं डिझाइन ही तिची हौस आणि तिची कमजोरीही. एका रंगाचे टाके चालू असताना दुसऱ्या रंगाचा धागा मागून नुसता ओढत न्यायची. पुढून हरणं, बदकं झकास दिसायची. मागे मात्र लांबच लांब धागे लोंबायचे, आणि शाळेची घाई असताना बाही घालायला गेलं की हटकून बोट त्यात अडकायचं. एकदा माझ्या बोटानं आख्खं बदक आक्रसून त्याचा बेडूक झाला होता. डंकनच्या बाईंच्या स्वेटरला आतून असा एकही धागा लोंबत नव्हता. जो रंग पुढे दिसत नाही तोही प्रत्येक टाक्याबरोबर मागे गुंफत नेलेला. आतली बाजू म्हणजे चटईच, बोट घालायला जागाच नाही. शिवण कुठे शोधावी तर तीही नाही. अंग एकसंध, बाह्या काखेशी टाके उचलून खाली मनगटापर्यंत विणत नेलेल्या. त्या बाईंनी मला हिशोबाची वही उघडून दाखवली होती आणि मी ती न वाचता उठून आले होते.

मग वाचायला घेतलं. दुधाच्या वेळा रात्री अडीच आणि साडेचारच्या, मधे झोप लागत नाही, हातात लेकीचा जुना फोन. ह्या स्वेटरांना काऊइचन म्हणतात. ते तिथल्या मूळ रहिवाशांचं, त्यांच्या खोऱ्याचं आणि नदीचंही नाव. त्यांच्या भाषेतला मूळ उच्चार घशाच्या तळातून येतो. मी करून पाहिला तर नातू दचकून जागा झाला. ते आणि त्या किनाऱ्यावरचे त्यांचे भाषाबंधू, ह्या सगळ्यांना मिळून कोस्ट सेलिश म्हणतात. सुयांवरचं विणकाम त्यांच्याकडे आलं गेल्या पावणेदोनशे वर्षांत, गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर. १८५८ मध्ये सेंट अ‍ॅन पंथाच्या नन व्हिक्टोरियाला उतरल्या, पुढे सहा वर्षांत त्यांची शाळा काऊइचन खोऱ्यात निघाली. पुढे शेटलंड बेटांवरून आलेल्या जेरेमिना कॉल्व्हिन नावाच्या बाईंनी नक्षीचं विणकाम शिकवलं असंही सांगतात. पण लोकर त्यांना कुणी शिकवली नव्हती. सुया यायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या बायका मागावर ब्लँकेटं विणत होत्या. डोंगरी बकऱ्यांची लोकर उन्हाळ्यात झुडपांना अडकून राहते, ती वेचून आणायची. आणि कुत्र्यांची लोकर!

हे वाचून मी लेकीला हाक मारणार होते, मग वेळ पाहिली. खरंच कुत्र्यांची. पांढरी, झुबकेदार केसांची लहानखुरी जात, फक्त लोकरीसाठी पाळलेली. दुसऱ्या कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून ती वेगळी ठेवायची, एखाद्या लहान बेटावर, आणि मासे खाऊ घालायचे. १७९२ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरनं ही कुत्री पाहिली तेव्हा ती मेंढरासारखी कातडीपर्यंत कातरलेली होती. आता ती जात उरलेली नाही. 'मटण' नावाच्या एका कुत्र्याचं कातडं तेवढं १८५९ पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. (नाव ठेवणाऱ्याचा विनोद मला काही रुचला नाही.) त्या कातड्याचा अभ्यास करून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही जात काही हजार वर्षं बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळी जपलेली होती. ती का संपली ह्याचं एक उत्तर ठरलेलं असायचं: हडसन्स बे ह्या इंग्रजांच्या व्यापारी कंपनीची स्वस्त ब्लँकेटं आली, मग कुत्री कोण पोसणार. म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्यात मात्र दुसरीही गोष्ट आहे. देवीच्या साथी, मिशनऱ्यांचा आणि सरकारचा दट्ट्या, कुत्री ठेवू नका, विणू नका. ब्लँकेटं ज्या समारंभात वाटायची तो पॉटलॅचचा सोहळाच कायद्यानं १८८५ पासून १९५१ पर्यंत बंद होता. आजीची पैठणी नेसायचं कार्यच बेकायदा ठरवलं तर पैठणी किती पिढ्या टिकेल?

माग गेले, पण चाती राहिली. ती ह्या बायकांची स्वतःचीच, मोठ्या थाळीएवढी लाकडी चकती, तिच्यावर कोरीवकाम. जाड सूत काढायचं तंत्र हातात होतं, ते सुयांवर चढवलं. म्हणून काऊइचन स्वेटर युरोपातल्या कुठल्याही स्वेटरसारखा दिसत नाही. धागा करंगळीएवढा, एकपदरी, रंगवलेला नाही. मेंढीचा जो रंग तोच.

फेब्रुवारीत परतीचं तिकीट होतं. त्याआधी एका शनिवारी मी लेकीला म्हटलं, डंकनला जाऊ. "पुन्हा घासाघीस करणार?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. त्या बाई तिथंच होत्या, ताडपत्री बदललेली. त्यांना मी आठवत नव्हते, किंवा आठवत असूनही त्यांनी तसं दाखवलं नाही. मी नुसतीच समोर उभी राहून त्यांचे हात पाहत राहिले. टोपी चालू होती. तारेनं जोडलेल्या दोन आखूड सुया, डाव्या हाताच्या एका बोटावर पांढरा धागा, दुसऱ्यावर राखाडी, आणि सुईचं टोक दोघांच्या मधून असं जाऊन येत होतं की कुठला धागा वर आणि कुठला खाली ते मला दिसेपर्यंत पुढचा टाका झालेला. समोर कागद नाही, टाके मोजणं नाही. तर्जनीच्या पेरावर धागा फिरून फिरून एक गुळगुळीत खोबण पडली होती. आईच्या बोटाला अशीच होती, अगदी त्याच जागी. मी म्हटलं, माझी आई विणायची. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"विकायची का?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं, आमच्यासाठीच. मग घराण्यात कुणाचं बारसं असलं की त्यांच्यासाठी. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या आईनं आमच्यासाठी एकही विणला नाही. एक झाला की तो जायचाच. शुक्रवारी रात्री आम्ही भावंडं झोपायचो तेव्हा ती बाहीवर असायची, सकाळी उठावं तर ती गळ्यावर. शनिवारी स्वेटर घेऊन गावातल्या दुकानात. दुकानदार काट्यावर टाकायचा, ओढून बघायचा, आणि पैशाऐवजी पीठ, साखर, कॉफी, आमचे बूट. लोकर त्याच्याकडूनच घेतलेली असली तर तिचे वजा. किंमत तो सांगेल ती. पाऊस असला तर कमी, कारण भर पावसात ती बाई दुसऱ्या दुकानात चालत जाणार नाही हे त्याला ठाऊक. "आणि वर विचारायचा," सुया न थांबवता त्या म्हणाल्या, "ह्याहून कमीत देणार नाहीस का?"

मी थर्मासकडे बघत बसले. त्यांना ऑक्टोबरची बाई आठवत होती की नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्यांच्या लहानपणी सगळं घर लोकरीत असायचं. कुणी धुतंय, कुणी काडीकचरा वेचतंय, पिंजायचं काम पोरांचं, पेळू करायचं आजीचं. कातायला वडिलांनी जुन्या शिवणयंत्राच्या पायडलवर मोठी चाती बसवून दिली होती. अशी यंत्रं तिकडे बऱ्याच घरांतून होती. लोकरीतलं तेल सगळं धुऊन टाकायचं नाही. त्या तेलामुळेच पाऊस वरच्यावर ओघळून जातो, म्हणून कोळी लोक आणि लाकूडतोडे हे स्वेटर घालायचे. वास येतो, पण त्याची सवय होते. नक्षी कुठून येते म्हटलं, तर म्हणाल्या, कुठूनही. टोपलीवरून, कुणाच्या टेबलक्लॉथवरून, एकमेकींचं बघून. नन बायकांनी शिकवलं ना, असं मी माझं वाचन दाखवायला विचारलं. त्यावर नुसतं, "मला आजीनं शिकवलं." आणि मग समोरच्या समुद्राच्या दिशेला हनुवटी करून, "त्यांची शाळा त्या बेटावर होती," एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायची कूपर बेटावरची ती निवासी शाळा १८९० ते १९७५ चालली. २०२१ मध्ये तिथल्या पेनेलाकुट लोकांनी जाहीर केलं की शाळेच्या परिसरात नोंद नसलेल्या १६० हून जास्त कबरी सापडल्या आहेत. मी तो विषय पुढे नेला नाही. त्यांनीही टोपीची ओळ पूर्ण केली.

'इंडियन स्वेटर' असं कार्ड मात्र एका जुन्या कपड्यांच्या दुकानात मी स्वतः पाहिलं. क्षणभर मला आपलंच काहीतरी वाटलं, लुधियानाचं वगैरे. त्याआधी ह्याच स्वेटरांना 'सिवॉश' म्हणायचे. फ्रेंचातल्या 'जंगली' अर्थाच्या शब्दावरून आलेली ती शिवी, आणि स्वेटर विकत घेणारे ती बिनदिक्कत लेबलासारखी वापरायचे. गंमत म्हणजे डंकनपासून जरा आत पालदी नावाचं गाव आहे, पंजाबातल्या पालदीवरून नाव घेतलेलं, मेयो सिंग नावाच्या गृहस्थांनी लाकडाच्या गिरणीभोवती वसवलेलं. गुरुद्वारा अजून आहे. म्हणजे त्या एका खोऱ्यात दोन प्रकारचे इंडियन राहत होते, आणि दोघांनीही ते नाव स्वतःहून घेतलेलं नव्हतं. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पालदीची माणसं चांगली. मजुरी वेळेवर द्यायची, असं वडील म्हणायचे." त्यांना त्यात एवढंच महत्त्वाचं वाटलं.

ह्या बायकांनी 'परंपरा जिवंत ठेवली' असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. मीही लेकीला पहिल्यांदा तेच म्हणाले होते. आता ते वाक्य घशाखाली उतरत नाही. डंकनच्या बाईंच्या आईनं परंपरा वगैरे काही ठेवली नाही, तिनं पोरांना बूट घेतले. कॅनडा सरकारनं २०११ मध्ये काऊइचन स्वेटर आणि तो विणणाऱ्या बायका ह्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा दिला. त्याच्या पंधराएक वर्षं आधी काऊइचन लोकांनी स्वतःच आपल्या नावाची मोहर नोंदवून घेतली होती, कारण मशीनवरचे नकली स्वेटर त्याच नावानं खपत होते. आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या वेळी तर कळसच. कॅनडाच्या खेळाडूंचे कपडे करायचं काम हडसन्स बे कंपनीकडे. तिनं बाजारात आणलेला स्वेटर काऊइचनच्या इतका जवळ जाणारा होता की विणणाऱ्या बायका संतापल्या. शेवटी तडजोड झाली, अस्सल स्वेटरही कंपनीच्या व्हँकुव्हरमधल्या दुकानात विकायला ठेवायचे. जिच्या ब्लँकेटांनी त्यांचे माग बसवले तिच्याच फळीवर. त्या कंपनीची शेवटची दुकानंही २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली, आणि बाई अजून शनिवारी ताडपत्रीखाली बसतात. ह्यात कुणाचा विजय आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांच्या मुली विणतात का, असं मी विचारलं होतं. एक नर्स आहे, म्हणाल्या, एक बँकेत. "सुट्टीत टोपी करतात. स्वेटर नाही. तासाचा हिशोब त्यांना येतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होते मी. होतं का? मला तरी अभिमानच जास्त दिसला.

आमच्या शेतात दरवर्षी माण तालुक्याकडचे धनगर मेंढरं बसवायचे. वाड्यावरच्या बाया सावलीला बसून लोकर पिंजायच्या, आणि आजोबांच्या खांद्यावरची काळी घोंगडी त्याच लोकरीची, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, जूनच्या पहिल्या पावसात भिजली की सोपाभर मेंढरांचा वास. तो वास मला डंकनला त्या ताडपत्रीखाली आला आणि पोटात कालवलं. आता मेंढरं कातरायचेच पैसे द्यावे लागतात आणि निघालेली लोकर कुणी नेत नाही, असं मागच्या वर्षी एक मेंढपाळ सांगत होता. आजोबांनी ती घोंगडी कितीला घेतली होती कोण जाणे. घासाघीस नक्की केली असणार. आणि आई? तिच्या स्वेटरला तर किंमतच नव्हती. लहान झाला की उसवायचा, शेवयांसारखी कुरळी झालेली लोकर वाफेवर धरून सरळ करायची आणि पुन्हा घालायची. वीसेक वर्षं ती दर थंडीत आमच्यासाठी, दिरांच्या पोरांसाठी, शेजाऱ्यांसाठी विणत राहिली. तिला कुणी 'शेवटचं किती' विचारलं नाही, कारण पहिलं किती हेच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

स्वेटर मी घेतला नाही. सत्तावीस हजार म्हणजे सत्तावीस हजारच, आणि पश्चात्ताप झाला म्हणून पैसे वाढत नाहीत. टोपी घेतली ह्यांच्यासाठी, त्या जी विणत होत्या तीच. अर्धा तास थांबले. त्यांनी शेवटचे टाके एका धाग्यात ओवून आवळले, टोक आत घेतलं, आणि टोपी उलटी करून आतून एकदा अंगठा फिरवला. ६० डॉलर. मी दिले, सुटे नव्हते तर त्यांनीच थर्मासच्या बुडाखालून काढून दिले.

इकडे आल्यावर ह्यांनी आठ दिवस टोपी कौतुकानं घातली. साताऱ्याच्या फेब्रुवारीत ती जरा जास्तच होते, पण माकडटोपीवाल्या मित्रमंडळींत भाव खाता येतो. एका सकाळी वहिनी आल्या. टोपी हातात घेतली, वजन पाहिलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. आमच्या वहिनी कुठलीही वस्तू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न एकच विचारतात.

"केवढ्याला?"

छत्तीसशे हा आकडा माझ्या जिभेवर होता. बाईंचं पेर डोळ्यांपुढे होतं, ते दुकान, तो काटा, पावसात चालत जाणारी त्यांची आई, सगळं होतं.

"अठराशे," मी म्हटलं.

"तरी महागच पडली गं," वहिनी म्हणाल्या, आणि टोपी ह्यांच्या खुर्चीवर ठेवून चहाला आत गेल्या.